वडिलांकडची चौकशी : पुरुष, आनुवंशिक कर्करोग आणि तपासणी

(मोत्साए शब्बातला आपल्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून)



प्रारंभी एक विनंती करते. सूचनाफलकावर आजचा विषय "स्तनाचा कर्करोग" असा लिहिला गेला आणि तो वाचून काही पुरुषमंडळी चहाच्या टेबलाकडे सरकलेली मी पाहिली. त्यांनी कृपा करून परत येऊन बसावे. भगिनींपैकी कुणाला घरी नातवंडांना सांभाळावयाचे असेल तर त्या गेल्या तरी माझी हरकत नाही. आजचे बोलणे मुख्यतः पुरुषांशी आहे.

मी मुंबईत नर्सिंगची पदविका घेतली आणि 1973 साली या देशात आले. त्यानंतरची चौतीस वर्षे दक्षिणेतील एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात माझी नोकरी झाली. स्तनाच्या कर्करोगाची स्त्री दाखल झाली की तिचा फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे असे. मी विचारीत असे : आईला होता का? मावशीला? आजीला? हे प्रश्न मी किती वेळा विचारले असतील याची गणती नाही. वडिलांच्या नातेवाइकांसाठीही फॉर्मवर जागा होती. तेथे आले म्हणजे रुग्ण मान हलवी आणि मीही पुढच्या रकान्याकडे वळत असे. स्त्रियांचा आजार आईकडून यावयाचा, असे मी धरून चालले होते. हे मला कुणी शिकविले नव्हते; पण तसे नाही, हेही मला कुणी बजावून सांगितले नव्हते. या चुकीचा हिशेब पुढे माझ्याच घरात द्यावा लागला. माझ्या भावजयीची परवानगी घेऊन ती हकीकत सांगते.

माझा धाकटा भाऊ दिमोनाला राहत असे. एका कापडगिरणीत तो फोरमन होता. 2010 च्या पेसाहला आम्ही सारे त्याच्या घरी जमलो होतो. सेदेर आटोपल्यावर भांडी आवरता आवरता भावजयीने मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बोलावले आणि हळू आवाजात सांगितले, "ताई, यांच्या बनियनवर डाव्या बाजूला तांबूस डाग पडतो. विचारले तर चिडतात." मी भावाला आतल्या खोलीत नेले. तो म्हणाला, "अगं, गाडीच्या पट्ट्याने घासले असेल." मी बोटाने चाचपून पाहिले. डाव्या स्तनाग्राच्या मागे हरभऱ्याएवढी टणक गाठ होती आणि स्तनाग्र आत ओढले गेले होते. कधीपासून आहे असे विचारता तो म्हणाला, "मागच्या हनुक्काला नव्हे, त्याच्याही मागच्या." म्हणजे पंधरा महिने. मधे एकदा त्याने ती एका डॉक्टरांना दाखविली होती. त्यांनी मलम लिहून दिले. "ताई, पुरुषाला कुठे असले काही होते?" असे तो मलाच विचारीत होता. मी नर्स होते, आणि त्याच्या घरी वर्षातून चार वेळा जात होते.

बायोप्सीत कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली तेव्हा काखेतील चार ग्रंथींपर्यंत तो पोहोचलेला होता. पुढे आम्हांला आनुवंशिक समुपदेशनासाठी पाठविण्यात आले. तेथील तरुण मुलीने एक कोरा कागद पुढ्यात घेतला आणि पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ अशा खुणांनी आमचा वंशवृक्ष काढावयास आरंभ केला. आईकडची माहिती मी घडाघडा सांगितली. मावश्या, मामा, आजी, सर्वजण म्हातारे होऊन गेले होते. मग तिने विचारले, "आणि वडिलांकडे?"

मी म्हणाले, "तिकडे कुणालाही स्तनाचा कर्करोग नाही."

ती म्हणाली, "मी स्तनाचे विचारले नाही. कोण कशाने गेले, ते सांगा."

तेव्हा मला आठवू लागले. आमची एक आत्या वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मुंबईत गेली. घरात तिच्या आजाराला "पोटात पाणी झाले" असे म्हणत. दर पंधरवड्याला ते पाणी काढावे लागे. वडिलांचे थोरले बंधू अलिबागजवळच्या आमच्या गावी राहत. त्यांना लघवीचा त्रास होता, पुढे कंबर आणि पाठ इतकी दुखू लागली की उठवेना, आणि वर्षभर त्यांच्या हाडांना तेल चोळले गेले. आमचे बाबा बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या रक्तात काय होते, ते दिसून येण्याइतके आयुष्यच त्यांना लाभले नाही. त्या मुलीने आत्याच्या वर्तुळावर आणि काकांच्या चौकोनावर रेघा मारल्या. शस्त्रक्रिया विभागात उभे आयुष्य काढलेल्या मला त्या दोन मृत्यूंचा संबंध तोवर लागला नव्हता. आत्याचा आजार बहुधा बीजांडकोशाचा होता आणि काकांचा प्रोस्टेटचा.

रक्ताच्या तपासणीत भावाच्या शरीरात बीआरसीए-2 या जनुकाचे उत्परिवर्तन, म्हणजे जन्मजात बिघाड, सापडला.

आता हा बिघाड म्हणजे काय, ते समजावून घेऊ. इकडे लोक या जनुकांना तोंडी "ब्राका" म्हणतात. ती दोन आहेत. पहिल्याचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी 1990 साली दाखवून दिले. 1994 साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले आणि पुढच्याच वर्षी दुसरे, तेराव्या गुणसूत्रावरचे. ही जनुके कर्करोग उत्पन्न करणारी आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तो उलटा आहे. त्यांचे काम रफूगाराचे आहे. आपल्या पेशींतील डीएनएचा धागा रोज कोठे ना कोठे तुटत असतो, आणि ही जनुके तो नीट सांधणारी प्रथिने तयार करवितात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरी काम सांभाळते, म्हणून असा माणूस वर्षानुवर्षे पूर्ण निरोगी असतो. एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली की तेथील रफू बंद पडते, चुका साठत जातात, आणि त्यांतून कर्करोग उद्भवू शकतो. उद्भवतोच असे नाही.

तेरावे आणि सतरावे गुणसूत्र स्त्री-पुरुष दोघांतही सारखेच असते. मुलगा की मुलगी हे ठरविणाऱ्या गुणसूत्रांशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणून हा बिघाड बापाकडून मुलीला, आईकडून मुलाला, बापाकडून मुलाला, कसाही जाऊ शकतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो आणि प्रत्येक अपत्यासाठी नाणे नव्याने उडते. दोघा भावंडांत तो आला म्हणून तिसरे सुटले, असा हिशेब येथे चालत नाही. तो पिढी गाळूनही जात नाही. पिढी गाळल्यासारखी वाटते, कारण मधल्या पिढीत तो एखाद्या पुरुषाच्या अंगी मुकाट्याने राहिलेला असतो. आमच्या बाबांच्या अंगी होता तसा.

आता पुरुषाला स्वतःला धोका किती, हा प्रश्न. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुष शेकडा एक एवढेच असतात. सर्वसाधारण पुरुषाला आयुष्यात तो होण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास आहे. बीआरसीए-2 चा बिघाड असलेल्या पुरुषांत ती शंभरात चार ते आठ इतकी निरनिराळ्या अभ्यासांत आढळली आहे. बीआरसीए-1 मध्ये बरीच कमी. स्त्री-वाहकांत हाच आकडा ऐंशी वर्षांपर्यंत शंभरात सत्तरच्या घरात जातो. त्या मानाने पुरुषाचा धोका लहान दिसतो हे खरे. परंतु स्त्रीला तिची मैत्रीण, शेजारीण, रेडिओ, कुपत होलिमचे पत्र, सारे आठवण करून देतात. पुरुषाला कुणी सांगत नाही, म्हणून त्याची गाठ उशिरा सापडते.

पुरुषाचा मोठा धोका मात्र प्रोस्टेटचा आहे. बीआरसीए-2 च्या वाहकांत ऐंशी वर्षांपर्यंत शंभरातील सुमारे सत्तावीस जणांना प्रोस्टेटचा कर्करोग होतो, असे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसले. सर्वसाधारण पुरुषांच्या दुपटीहून ते अधिक आहे. आकड्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की या पुरुषांत तो कमी वयात येतो आणि अधिक उग्र असतो. प्रोस्टेटचा कर्करोग संथ असतो, म्हातारपणी होतो, माणूस त्याच्यासह जगतो, असे जे आपण ऐकतो ते अनेकांच्या बाबतीत खरे आहे. बीआरसीए-2 च्या वाहकाने मात्र त्यावर विसंबून राहू नये. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही दोन्ही जनुकांत, विशेषतः दुसऱ्यात, वाढतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा संबंधही बीआरसीए-2 शी जोडला जातो.

तपासणीविषयी आता सविस्तर बोलते, कारण भीती दाखवून उपाय न सांगणारा वक्ता मला आवडत नाही.

ज्या पुरुषात बिघाड सापडला आहे, त्याने वयाच्या पस्तिसाव्या वर्षापासून महिन्यातून एकदा स्वतःची छाती चाचपून पाहावी. स्नानाच्या वेळी, साबणाचा हात असताना, ते सोपे जाते. स्तनाग्र आणि त्याभोवतीचे काळसर वर्तुळ यांच्या मागे तीन बोटे सपाट ठेवून हलकेच गोल फिरवावीत, मग काखेपर्यंत जावे. दोन्ही बाजू पाहाव्यात. पुरुषाच्या छातीत स्तनाची ऊती थोडीच असते आणि ती मुख्यतः स्तनाग्राच्या मागेच असते, त्यामुळे गाठही बहुधा तेथेच येते. ती टणक असते, दुखत नाही आणि एकाच बाजूला असते. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त अगर पाणी येणे, तेथील कातडी खडबडीत होणे, काखेत गोळा लागणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. वयोमानाने किंवा काही गोळ्यांमुळे पुरुषाची छाती थोडी वाढते. ती वाढ बहुधा दोन्ही बाजूंस, रबरासारखी मऊ आणि हात लावता दुखरी असते. हृदयासाठी किंवा जलोदरासाठी स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पण कोणती वाढ साधी आणि कोणती नव्हे, हे घरच्या आरशात ठरवावयाचे नसते. पस्तिशीपासून वर्षातून एकदा डॉक्टरांकडूनही छाती तपासून घ्यावी. पन्नाशीपासून मॅमोग्राफीचा विचार करतात, आणि घरातील एखाद्या पुरुषाला लवकर झाला असेल तर त्याच्या त्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून. होय, पुरुषाची मॅमोग्राफी होते. यंत्र तेच असते. माझा भाऊ त्या प्रतीक्षागृहात सहा स्त्रियांमध्ये वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता; ते वर्तमानपत्र उलटे होते.

प्रोस्टेटसाठी चाळिसाव्या वर्षापासून दरवर्षी पीएसए नावाची रक्ततपासणी करावी. बीआरसीए-2 च्या वाहकांना तसा स्पष्ट सल्ला दिला जातो. बीआरसीए-1 च्या वाहकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. अनेक देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासात वाहक पुरुषांची दरवर्षी पीएसए तपासणी करून 3 च्या वर आकडा गेला की पुढील तपासणी केली. बीआरसीए-2 च्या वाहकांत इतरांपेक्षा अधिक, कमी वयात आणि खरोखर उपचार आवश्यक असणारे कर्करोग त्यातून सापडले. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असा अर्थ नाही. मूत्रमार्गाला संसर्ग झाला असेल, आदल्या दिवशी सायकलवर लांब फेरी झाली असेल, किंवा मागच्या दोन दिवसांत पतिपत्नीचा संबंध आला असेल, तरी आकडा वर जातो. (मागच्या रांगेत हसू आले. चांगले आहे, म्हणजे ऐकत आहेत.) उलट, प्रोस्टेट मोठे झाले म्हणून फिनास्टेराइडची गोळी घेणाऱ्यांत आकडा जवळजवळ निम्मा दिसतो, तेव्हा ती गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, नाहीतर खोटे समाधान मिळते. आकडा वाढलेला आढळला तर तपासणी पुन्हा करतात, मग एमआरआय, आणि गरज भासली तरच बायोप्सी.

स्वादुपिंडासाठी सर्वांना सरसकट तपासणी सांगत नाहीत. घरात तो आजार झालेला असेल तर पन्नाशीच्या सुमारास एमआरआय किंवा दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी यांविषयी तज्ज्ञ सल्ला देतात. वर्षातून एकदा त्वचा दाखवावी. सिगारेट सोडावी, हे मी येथे पन्नास वर्षे सांगत आहे आणि दाराबाहेर अजूनही धूर दिसतो.

बिघाड माहीत असण्याचा उपयोग केवळ लवकर सापडण्यासाठी नाही. ज्या पेशीची रफू करण्याची शक्ती गेलेली आहे, तिचा उरलेला आधारही काढून घेणारी ओलापारिबसारखी औषधे आता निघाली आहेत. बीजांडकोश, स्तन, स्वादुपिंड आणि 2020 पासून प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगातही ती ठरावीक रुग्णांना देतात. प्रोस्टेट किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेला रुग्ण आपल्या घरी असेल तर "जनुकांची तपासणी झाली का?" असे डॉक्टरांना विचारावे. स्तनाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाने ती करून घ्यावी. त्यासाठी घरात आणखी कुणी आजारी असण्याची अट नाही. माझ्या भावाच्या वेळी ही गोळी मिळत नव्हती. तो 2014 साली गेला.

आता आपल्या समाजाविषयी. अश्केनाझी ज्यूंमध्ये या दोन जनुकांचे तीन ठरावीक बिघाड फार आढळतात, सुमारे चाळीस माणसांमागे एकात. जेरुसलेमच्या शारे त्झेदेक रुग्णालयातील डॉक्टर एफ्रात लेवी-लाहाद आणि त्याच मेरी-क्लेअर किंग यांनी मिळून एक पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. तीत त्यांनी आरंभ स्त्रियांपासून केला नाही. आठ हजारांहून अधिक निरोगी अश्केनाझी पुरुष तपासले, त्यांतील वाहक शोधले आणि मग त्यांच्या बहिणी, मुली, आया यांच्याकडे गेले. त्या कुटुंबांपैकी जवळजवळ निम्म्या कुटुंबांत कुणाचे लक्ष जाईल असा कर्करोगाचा इतिहासच नव्हता. घरे लहान होती, किंवा बिघाड बापाच्या बाजूने आला होता. 2020 पासून आपल्या देशात, ज्या स्त्रीच्या चार आजीआजोबांपैकी एक जरी अश्केनाझी असेल तिला ही तपासणी विनामूल्य उपलब्ध आहे. आपण म्हणाल, आम्ही कोकणातले, आम्हांला काय त्याचे? माझ्याकडेच पाहा. माझी एक सून पोलंडच्या घराण्यातली आहे. आपल्या किती नाती त्या सवलतीत बसतात, याची प्रत्येकाने घरी जाऊन मोजणी करावी.

बेने इस्रायलांची गोष्ट वेगळी आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. तिचा इतिहास इतिहासकारांकडे सोपवू. पण थोड्या कुटुंबांपासून वाढलेला, शतकानुशतके आपसांत सोयरिकी करणारा समाज असला की त्यात एखादा जुना बिघाड अनेक घरांत पसरलेला असू शकतो, हे जनुकशास्त्राचे साधे सूत्र आहे. आणि तो बिघाड त्या तीन अश्केनाझी बिघाडांपैकी असेलच असे नाही. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी. ठरावीक बिघाडच शोधणारी छोटी तपासणी "काही नाही" असे सांगते, तेव्हा तिने फक्त त्या ठरावीक जागा पाहिलेल्या असतात. आमच्या भावाची पहिली तपासणी तशीच कोरी आली. त्या समुपदेशक मुलीने वंशवृक्षाचा कागद पुढे ठेवून संपूर्ण जनुक वाचण्याचा आग्रह धरला, तेव्हा बिघाड सापडला. एकदा घरातील बिघाड नेमका कळला की इतर नातलगांची तपासणी सोपी होते, कारण कोठे पाहावयाचे ते ठाऊक असते.

कुटुंबाचा इतिहास विचारणे ही काही आधुनिक कल्पना नाही. तल्मुदाच्या येबामोत या भागात सांगितले आहे की एका आईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्तस्रावाने गेले तर तिसऱ्याची सुंता करू नये. त्सिपोरीच्या चार बहिणींची हकीकतही तेथेच आहे. तिघींचे मुलगे गेले, चौथी रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्यापुढे आली आणि त्यांनी तिला सुंता करू नको म्हणून सांगितले. मृतांची चौकशी करून जिवंताला वाचविण्याचीच ती रीत. रक्त न गोठण्याचा तो आजार आईकडून येतो, आणि रब्बींनी नेमक्या बहिणीबहिणी मोजल्या. आजाऱ्यासाठी मि शेबेराख म्हणतानाही आपण त्याचे नाव आईच्या नावासह घेतो. तोरापुढे बोलावताना वडिलांच्या नावाने. ब्राकाच्या चौकशीला दोन्ही नावे लागतात.

आमच्या घरात पुढे काय झाले, ते सांगितल्यावाचून हे पुरे होणार नाही. भावाला दोन मुलगे आणि एक मुलगी. बिघाड सापडल्यावर सर्वांनी आधी मुलीला तपासणीस पाठविले, कारण "बायकांचा आजार". तिचा अहवाल निर्दोष आला. घरात पेढे वाटले गेले आणि विषय संपला. मीही पेढा खाल्ला. मुलग्यांचे नाव कुणी काढले नाही. तीन वर्षांनी थोरल्या पुतण्याला दुसरी मुलगी झाली, तेव्हा त्याच्या बायकोने, ती नावाची मोरोक्कन पण आमच्यापेक्षा शहाणी, त्याला हाताला धरून नेले. तो वाहक निघाला. आज तो सेहेचाळीस वर्षांचा आहे, दरवर्षी पीएसए करतो, छाती दाखवितो. अद्याप सर्व ठीक आहे. त्याच्या मुली अठरा वर्षांच्या झाल्या की स्वतः ठरवतील. प्रौढपणी होणाऱ्या या आजारांसाठी लहान मुलांची तपासणी करीत नाहीत. धाकटा पुतण्या आणखी दोन वर्षांनी गेला. तोही वाहक आहे. मी स्वतः तपासून घेतले. माझे नाणे दुसऱ्या बाजूला पडले आणि त्याबरोबर माझ्या मुलांची काळजी मिटली.

माझ्या मधल्या भावाने मात्र अजून तपासणी केलेली नाही. त्याचे वय बहात्तर. तो म्हणतो, "मला दोन मुलगेच आहेत, मुलगी नाही. मी कशाला?" माझे सारे बोलणे ऐकूनही तो हे म्हणतो. त्याचे मुलगे चाळिशीत आहेत. पीएसए सुरू करण्याचे वय तेच. थोरल्याला नुकतीच मुलगी झाली. आणि भावाच्या स्वतःच्या प्रोस्टेटचे काय, असे विचारले की तो रेडिओ मोठा करतो.

त्याच्या मनात काय आहे, ते मी ओळखते. आपल्याकडे आजार लपविण्याची रीत जुनी आहे. घरात असे काही आहे हे कळले तर मुलींची स्थळे परत जातील, ही भीती आमच्या आजीला होती. म्हणूनच आत्याचे "पोटात पाणी" झाले. आता स्थळे मोबाइलवर ठरतात, पण भीती तीच आहे. काहींना नोकरीची आणि विम्याची काळजी वाटते. 2000 साली या देशात आनुवंशिक माहितीविषयीचा कायदा झाला आहे. अशी तपासणी करून आणा, अशी सक्ती नोकरी देणारा करू शकत नाही आणि विमा कंपनीही करू शकत नाही. आणि एक भीती पुरुषांची खास आहे, ती कुणी बोलून दाखवीत नाही. आपल्या हातून मुलांना हे गेले, असे कागदावर लिहिलेले पाहणे बापाला सोसत नाही. माझा धाकटा भाऊ शेवटच्या वर्षी एकदा म्हणाला होता, "ताई, घर देता आले नाही, हे दिले." मी त्याला सांगितले की हे तुला बाबांनी दिले, त्यांना त्यांच्या कुणी दिले, कुणाच्याही हाती ते नव्हते. त्याला ते पटले की नाही, ठाऊक नाही.

प्रश्न एकेकट्याने विचारावयाचे असतील तर सर्वांसमोर विचारू नयेत. मी दाराजवळच्या टेबलाशी बसते. माझ्याजवळ कोरे कागद आहेत. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे. कोण कोणत्या वयात कशाने गेले, ते घरच्या शब्दांत सांगितले तरी चालेल : पोटात पाणी, पाठदुखी, कावीळ झाली आणि मग वाळत गेला, जे आठवेल ते. तो कागद घेऊन आपल्या कुपत होलिमच्या डॉक्टरांकडे जावे आणि आनुवंशिक समुपदेशनाची चिठ्ठी मागावी. ज्यांची आई-आत्या अजून हयात आहे, त्यांनी याच आठवड्यात त्यांना फोन करावा. त्यांच्याइतके कुणाला आठवत नाही.

चहा निवत असेल. कागदावर वडिलांकडून आरंभ करू.